निव्वळ वजन

आमच्या जिनिंगच्या काट्यावर
कापसाच्या गाड्यांमागे नंबर लावून
ती पहिल्यांदा आली, तेव्हा
मागचा मेटॅडोरवाला हॉर्न वाजवायचा विसरला.
आठ चाकं. नाक उतरतं, पोटाला धार.
रंग नव्हता अजून,
अंगभर वेल्डिंगच्या शिवणी.

पावतीवर मालाचं नाव लागतं.
काय लिहू, म्हटलं.
कारखानीस मॅडम म्हणाल्या, गाडी लिहा. रिकामी.
सतरा टन तीनशे चाळीस.
शंभर रुपये. सुटे द्या.

त्यांचा काटा बिघडला होता म्हणे,
आठ दिवसांचा प्रश्न होता.
मी उन्हाळ्यापर्यंत पावत्या फाडत होतो.

दिवाळीनंतर टपावर मशीनगन आली
आणि ती चालवायला एक माणूस,
छातीपासून वर उघडा.
दोघांचे मिळून चारशे.
नामदेव भोयर, चाचणीचा ड्रायव्हर, हिंगणघाटकडचा,
बिडी विझवत म्हणाला,
"वर उभा राहीन त्याले उन्हंही लागते, गोईही लागते."
मग त्याच्याभोवती पत्रे आले. तीनशे.

संक्रांतीला वरचा माणूसच काढला.
तिथे बुरूज बसला, तीस मिलिमीटरची तोफ,
काचेचा एक डोळा,
आणि माणूस खाली, पडद्यासमोर, खुर्चीत.
वीस टन नऊशे.
तोफेच्या तोंडाला कापूस चिकटला होता.
आमच्याकडे सगळ्यालाच चिकटतो.
भोयरनं फुंकर मारली. गेला नाही.

त्याच आठवड्यात ती
गणपत नेवाऱ्याच्या ओलिताच्या वावरात फसली.
मागची चार चाकं रेगडीनं
गुडघ्यापर्यंत गिळली.
गणपत धुऱ्यावर बसून बघत होता,
चना तुडवल्याचं बोलला नाही, एवढंच बोलला:
"हवा सोडा ना बावा चाकाची."
मॅडम म्हणाल्या, त्याचं बटण आहे आत,
बसल्या जागी हवा कमी होते,
फक्त सप्लायरकडून आलेलं नाही.
गणपतनं बाभळीचा काटा पुढे केला.

फेब्रुवारीत बुरुजाच्या दोन्ही अंगांना
क्षेपणास्त्रांच्या पेट्या, कुशीला जाड पाट्या.
तेवीस टन चारशे.
मॅडम आकड्याकडे
ताप बघावा तशा बघत राहिल्या.
आता काय कमी करायचं?
तोफ नाही. पाट्या नाहीत.
पाण्यात ढकलणारे पंखे उतरवले,
नदी पोहून जाणार होती ती, आता पुलावरून जाईल.
मग बाराच्या आठ खुर्च्या केल्या.

काढलेली एक खुर्ची रात्रभर माझ्या खोलीत होती.
तिला पाय नव्हते, नुसते पट्टे.
ती छताला टांगतात, भोयर म्हणाला,
खाली सुरुंग फुटला तर
हिसका भुईतून माणसात चढू नये म्हणून.
मी पंख्याच्या हुकाला टांगून बसून पाहिलं.
पाय अधांतरी. पावती फाडता येत नव्हती.

मार्चमध्ये शेवटचं वजन. रिकामी, बावीस टन सहाशे पन्नास.
आता भरलेली हवी, मॅडम म्हणाल्या. आठ माणसं.
माणूस किती धरता, मी विचारलं.
शंभर किलो. बूट, बंदूक, पाणी, सगळं धरून.

जिनिंगचे हमाल बोलावले.
झिबल वाकून आत शिरला, मग सुकरू, मग बाकीचे,
चपला बाहेर काढून,
देवळात काढाव्या तशा.
मागचं दार वर उचललं गेलं.
आतून हसण्याचा आवाज आला, मग तोही नाही.

काट्यावर आकडा थांबला.
चारशे तीस.
मी काटा शून्यावर आणून पुन्हा पाहिला.
दोन क्विंटलची गाठ लोटणारे आठ गडी,
चारशे तीस.

मग रेतीच्या पिशव्या आणल्या,
प्रत्येकाच्या मांडीवर एक एक,
लेकरू घेतल्यागत दोन्ही हातांनी धरून बसले.
जमलं.
झिबलनं आतूनच विचारलं,
"याची मजुरी आर्ध्या दिवसाची का पुऱ्या?"

भरलेलं वजा रिकामं.
निव्वळ आठशे, मी लिहिलं, शिक्का मारला.
त्यात रेती किती,
याला पावतीवर रकाना नाही.