शंभरातला एक

बूडोच्या कचेरीत आम्ही सात जण
आणि टेबलावर एक आकडा.
बाहेर दोन वाजताच अंधारलेलं.
प्रश्न साधा होता:
विमान चालवणाऱ्या माणसाचं काळीज
वर्षभरात दगा देण्याची शक्यता
किती असली तर चालेल?

"चालेल" लिहू नका, गुन्वोर म्हणाली.
मग इतिवृत्तात "स्वीकारार्ह" आलं.
चालेलच ते, फक्त कोट घातलेलं.

जुना नियम शंभरात एक म्हणतो.
दोन करा, म्हणाला आकडेवाला टोरालफ,
शेजारी दुसरा वैमानिक असतोच की.
शून्य का नाही? प्रवाशांतर्फे आलेल्या बाईंनी विचारलं.
कुणीच लगेच बोललं नाही.
शून्याला फक्त मेलेला माणूस पास होतो,
हे माझ्या ओठांवर आलं,
मी वर बिस्किट ढकललं.

मला दिसत होता आस्लाक क्वित्बर्ग.
वय सत्तावन्न. रोस्ट बेटावर
एकोणचाळीस खुर्च्यांचं विमान
आडव्या वाऱ्यात खेकड्यासारखं तिरकं नेऊन
ऐन वेळी सरळ टेकवणारा.
मंगळवारी माझ्याकडे ट्रेडमिलवर धावला.
छातीत कधी काही—
"नाही."
माझा प्रश्न संपलाही नव्हता.

ते "नाही" कुठल्या रकान्यात भरायचं?
बाकीच्या रकान्यांची बेरीज
एक पूर्णांक तीन.

मी म्हणाले, आकडा खाली खेचाल
तशी अशी नाही-नाही वाढतील,
दुखणी गणवेशाच्या आत
बटणं लावून गप्प बसतील.
इतिवृत्तात याची दीड ओळ झाली.

मतदान. चार विरुद्ध तीन. एकच राहिला.
मी हात वर केला होता दोनसाठी,
तो आकड्याला होता की आस्लाकला,
अजून सांगता येत नाही.

त्याला फोन मीच केला.
बराच वेळ नुसती घरघर,
बहुतेक त्याच्या कॉफीच्या यंत्राची.
मग म्हणाला,
"उद्या रोस्टला वारा नैर्ऋत्येचा आहे.
जो कोणी जाईल, त्याला सांगा."

घरी येताना पुलावर
गाडी जराशी घसरली, सावरली.
मी बासष्टची. वडील हृदयानेच गेले.
मला कुणी ट्रेडमिलवर चढवत नाही.
मागच्या सीटवर नात झोपली होती,
तोंड उघडं, एक मोजा गायब.
गाडी बाजूला घेतली,
तिचा पट्टा ओढून पाहिला,
मग पुन्हा एकदा.