कार्यानुभव

परिपत्रकात होतं, टाकाऊतून टिकाऊ.
मी फळ्यावर लिहिलं, खाली रेघ मारली:
शनिवारी प्रत्येकानं घरातली एक टाकाऊ वस्तू आणायची.

आणल्या पोरांनी. लग्नपत्रिका, शाम्पूच्या पुड्या,
कुणाच्या मामाची काडी तुटलेली छत्री,
एक रिमोट, त्यात अजून दोन सेल.
प्रज्वल नेवारे हात हलवत आला.
"मॅडम, आमच्या घरी नाई."
काय नाही?
"टाकाऊ."

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही.
वर्ग हसला. मीही हसले, खोटं का बोलू,
आणि त्याच्या नावापुढे लाल शून्य काढलं,
चांगलं गोल, वेळ घेऊन.

मग एका दुपारी स्कूटी नाल्याच्या अलीकडे लावून
गेले त्याच्या घरी, आळसाचं मूळ बघायला.

दार तेलाच्या पिप्यांचं.
चार पिपे फाडून, ठोकून सपाट केलेले;
त्यावरची शेंगदाणा तेलाची बाई
अजून हसते, डोकं खाली, पाय वर.
कोंबड्या कूलरमध्ये राहतात.
पंखा गेला, मोटर गेली, पण तिन्ही बाजूंनी जाळी आहे,
मुंगूस नुसतं बघून जातं.
आतला वाळा फेकला असेल ना, मी विचारलं.
"फेकन कशी? अंड्यावर बसाले गादी कोन देईन तिले?"

बेबीताई नेवारे तूर पाखडत होती.
सुपाचा उसवलेला काठ
सलाईनच्या नळीनं शिवलेला.
तिनं मला बसकर दिलं, युरियाच्या पोत्याचं,
कडेनं साडीचे काठ, इतके सरळ
की मी नीट मांडी घालून बसले.

सायकलच्या ट्यूबचं तिनं आपणहून सांगितलं.
थोडी पाइपाच्या जोडाला, गळू नये म्हणून.
थोडी पोराच्या गलोलीला.
उरलेले तुकडे चुलीजवळच्या डब्यात:
"पऱ्हाटी वली असन तं एक तुकडा लावाचा. भुर्र."

मग सूप खाली ठेवून तिनं विचारलं,
"तुमी काय बनवता जी त्या टाकाऊचं?"
फुलदाणी, मी म्हटलं.
बाटली कापायची, लोकर गुंडाळायची, वरून चमकी.
बोलता बोलता माझा आवाज बारीक होत गेला.

ती हसली नाही. आत गेली.
फळीवरून काहीतरी उतरवलं, पदरानं पुसलं.
"अशी?"
अशीच. हिरवी बाटली, गुलाबी लोकर,
बुडाला चिकटवलेला कागद: करिश्मा नेवारे, पाचवी.
त्याखाली लाल शाईत "छान".
अक्षर माझं.

"सांगू का मॅडम, पूर्‍या घरात
हे एकच हाय कोनत्याच कामाचं नाई.
पानी भरावं तं बुडाले भोक.
दाने भरावे तं हात जात नाई.
दोनदा उचलली फेकाले."
मग?
"पोरगी बुटीबोरीले कंपनीत हाय.
फोन केला का आंधी इचारते,
माही फुलदानी हाय ना व माय."

फळीवर तिची जागा तशीच होती,
धुळीत एक गोल, लहानसा.
बेबीताईनं ती बरोबर त्या गोलावर ठेवली.

प्रज्वल ओट्यावर उकिडवा बसून होता.
घाबरला असावा. मी त्याच्या पाठीवर थाप मारली
आणि मनात हिशोब केला:
शून्य खोडायची गरज नाही,
त्याच्या अलीकडे एक लिहिला की भागतं.

निघताना बेबीताई माझ्या हाताकडे बघत होती.
घड्याळाकडे नाही, पर्सकडे नाही.
"मॅडम, ते बाटली
सरली का तुमची?"

तळाशी दोन घोट होते, कोमट.
तिथंच उभी राहून मी ते पिऊन टाकले.