दोन सूत

रबाळे एमआयडीसीत शुक्रवारी लाइट नसते.
शेजारचा, बाटल्यांची बुचं पाडणारा प्रेस
त्या दिवशी गप्प बसतो,
म्हणून नाजूक कामं मी शुक्रवारवर ढकलतो.

पंख अजून भिंतीला टेकून उभे,
जुन्या चादरींत, पाहुण्यांच्या गाद्यांसारखे.
मधे धड, पुढे इंजिन,
दोघांत एक पोलादी पत्रा, आग अडवायला.
त्या पत्र्यातून आज तीन वायरी जायच्या आहेत.

लांबी आधी नाड्यानं मापली.
सुलभाच्या परकराचा कोरा नाडा, न विचारता घेतलेला.
मुठीपासून निघायचं, पायपट्ट्या चुकवून,
भोकातून पलीकडे,
तापणाऱ्या पाइपापासून वीतभर अंग चोरून,
कार्बोरेटरच्या खालून वळसा.
वळणाला जेवणाचं ताट लावून बघितलं.
याहून आवळलं तर वायर आतल्या आत घासते,
बोलत नाही,
नुसती जड होत जाते.

लडकू ठाकूर, तळवली नाक्याचा,
सत्तावीस वर्षं रिक्षांच्या वायरी करतोय.
बोटांत फिरवून म्हणाला,
"ही पिळाची. वरायला बरी. ढकलशील तं वाकंल."
आणि मिक्स्चरसाठी पेटीतून एकच जाड तार काढली,
सरळ, हट्टी.
"ढकलाचं असंल तं येकलीच पायजे.
घोळका ढकलता येत नाय."

मग पक्कड खाली ठेवून:
"आन् तुटली तं?"

रिक्षाची तुटली की इंजिन मंद होतं,
माणूस हात दाखवून कडेला घेतो,
गिऱ्हाईक उतरतं, सुट्ट्यांवरून भांडतं.
वर कडेला घ्यायला कड नाही.
म्हणून स्प्रिंग उलट्या बाजूनं लावायची, मी सांगितलं,
वायर तुटली की पातं आपोआप पूर्ण उघडतं,
इंजिन जीव खाऊन चालत राहतं.
उतरायचं कसं, ते नंतर बघू.

लडकू कितीतरी वेळ ती स्प्रिंग
बोटानं ताणत, सोडत राहिला.
"तुटल्यावर जोर," एवढंच म्हणाला,
आणि चहा प्यायला निघून गेला.

इंजिन रबरावर बसलंय.
सुरू होताना, बंद होताना अंग झाडतं,
ओल्या कुत्र्यासारखं.
वायरीचं शेवटचं टोक पत्र्याला बांधलं
तर प्रत्येक झटक्याला ते स्वतःच स्वतःला रेस देईल.
टोक इंजिनालाच बांधलं. मधे सैल पोट ठेवलं.
दांडीला मोठं वॉशर, नटाला पिन,
पिनेचे दोन्ही पाय दुमडून.

चार वाजता सुलभा डबा घेऊन आली.
नाडा तिनं लांबूनच ओळखला.
तिला आत बसवलं, उघड्या प्लायवर,
मी टॉर्च घेऊन इंजिनापाशी ओणवा.
"ढकल."
"ढकलली."
"पूर्ण?"
"पूर्ण. पॅनेलला टेकली मूठ."

इकडे पातं थांब्यापासून नखभर दूर.

तीन आटे फिरवले. पुन्हा.
आता इकडे टक् झालं, पितळेवर पितळ,
आणि आतून ती म्हणाली,
"अरे, इथे अजून जागा राहिली. दोन सूत."
राहू दे, म्हटलं.
मूठ आधी टेकली तर हाताला वाटतं सगळं दिलं,
आणि इंजिनाला ते पोचलेलंच नसतं.

ती काही बोलली नाही.
डब्याचं झाकण उघडलं, पोळीचा तुकडा मोडला,
मूठ आत-बाहेर करत खात राहिली.
मग म्हणाली, "हे तुला लग्नानंतर चौतीस वर्षांनी कळलं,
तेही कार्बोरेटरकडून."

लडकूनं संध्याकाळी बिल फाडलं.
वायर दोन, तार एक, मजुरी.
'गाडी नंबर'च्या रकान्यापाशी त्याचं पेन अडलं.
वाकून पंखांकडे बघितलं, चादरींकडे,
आणि लिहिलं: अजून नाही.

नाड्याला ग्रीस लागलंय.
रॉकेलनं निघतं का, बघतो.