चारशे सतरा

सकाळी दहाच्या आत यायचं. कॉफी नाही,
साबणाचा वास नाही, ओठांना काही नाही.
आदल्या रात्री लसूणही नाही, हा मात्र माझाच नियम.
आठ कप्पे, आठ दिवे, आठ थुंकदाण्या.
रेमेदियोस दार लावून घेते
आणि हाएनचा सगळा हिवाळा काचेपलीकडे राहतो.

पेला निळा असतो, गडद, मुद्दाम.
हिरवं दिसलं की लोक ताजं म्हणतात.
इथे डोळ्यांना मत नाही.
तळहातावर घ्यायचा, दुसऱ्या हाताने झाकायचा,
अंगाची ऊब लागेपर्यंत धरायचा,
घरट्यातून पडलेलं पिल्लू धरावं तसा.
मग नाक. मग एक घोट,
आणि दातांच्या फटीतून वारा ओढायचा सुर्रकन,
चारचौघांत शोभणार नाही असा.

कडू लागलं तर चांगलं. ठसका आला तर आणखी चांगलं.
नव्या पोरी तोंड वाकडं करतात.
त्यांना सांगावं लागतं, कडू हा गुण आहे बाई,
नुसतं गोडगोड लागलं की संशय घे.
आणि थुंक. हिरव्या सफरचंदाची फोड, पाणी, पुढचा.

एका घोटावरून अख्खी टाकी ओळखायची,
एकोणीस वर्षं हेच करते.
माणसाचं तसं जमलं नाही.
मातियासला चार वर्षं चाखलं, तरी चुकले.

आज तिसरा पेला. चारशे सतरा.
आधी टोमॅटोचं देठ, चुरडलेलं.
मग अंजिराचं पान. वा, म्हटलं.
मग त्याच्याखालून, उशिरा,
ओल्या पोत्यासारखा आंबूस वास.
ढिगात पडून तापलेली फळं.
तीन दिवस. कदाचित चार.

आणि अंजीर कुठलं ते कळलं.
आमच्याच उतारावरचं, बाबांनी तोडू न दिलेलं.
शेजारचं झाड तेलात उतरत नाही,
हे मला पुस्तकासकट पाठ आहे.
तरी.

गुरुवारी एउसेबियोचा फोन आला होता.
ट्रॅक्टरचा क्लच गेलाय, ऑलिव्ह अंगणात पडलीत,
तुझी गाडी घेऊन ये, दोन खेपांत होईल.
शनिवारी बघते, म्हणाले.
शनिवारी पाऊस होता.
मी बघितला, खिडकीतून.

माझा एकटीचा आकडा काही करत नाही,
आठांतला मधला धरतात.
शून्य लिहिलं असतं तरी कुणी विचारलं नसतं.
शेजारच्या कप्प्यात कुणीतरी वारा ओढला
आणि थांबलं. जरा जास्तच थांबलं.

पुन्हा घोट घेतला, घेता येतो.
दुसऱ्या घोटाला माणूस विरघळतो.
जीभ नाही विरघळत.
दोषाच्या रेघेवर साडेतीन लिहिले,
पेन्सिल होती, तरी पेनाने.

रविवारी गेले.
निकालाची चिठ्ठी त्याने दाखवली नाही.
फडताळात मिठाच्या बरणीखाली दुमडलेली होती,
एक कोपरा बाहेर.
तेल ओतलं पांढऱ्या बशीत,
पिवळं, उघडंवाघडं, खिडकीच्या उजेडात.
पावाचा तुकडा माझ्याकडे सरकवून म्हणाला,
"कसं आहे?"

घरात थुंकदाणी नसते.
मी चावलं, गिळलं, बशी पुसून आणखी एक घास घेतला.
तो बघत होता.

"मीठ दे," मी म्हणाले.
तो उठला,
आणि बरणी उचलायला
त्याने बराच वेळ लावला.