सेव्ह केल्यावर

सोहारमध्ये दुपारी तीनला
पडदे ओढूनच बसावं लागतं.
आज फॉर्मॅटर बसवला:
दोन स्पेसचा इंडेंट, महिरपी कंस त्याच ओळीवर.
सेव्ह दाबलं की
बंदराच्या बिलिंगचा अख्खा कोड
भांग पाडल्यासारखा.

सुबीनाचे टॅब गेले, माझे आळशी कंसही.
कुणाची ओळ कुणाची, कळेना.
बरंच झालं, भांडण मिटलं.

मग डेमरेजची फाइल उघडली.
वजदीची.
चार ओळी लिहिल्या की
तीन मोकळ्या सोडायचा,
चहाला उठल्यासारख्या.
मार्चमध्ये व्हिसा संपला;
खार्तूमला नाही, कैरोला गेला म्हणे.

कंट्रोल-एसवरून बोट उचललं.
वगळायच्या यादीत
ती एक फाइल टाकली.

सुबीना म्हणाली, कशाला?
म्हटलं, असू दे.