हवा कमी कर

"एवढी कशाला?" अन्सेल्म म्हणाला
आणि व्हॉल्व्हवर नख दाबून माझ्या चाकांतली निम्मी हवा
पहाटेच्या गारठ्यात सोडून दिली.
मी कळवळलो. डांबरावर वाढलेला माणूस,
टणक चाक तेच चांगलं, एवढंच शिकलेला.
"खडीवर फुगून चालत नाही, काका.
आणि हँडल आवळू नका. कोंबडी धरतात तसं धरा,
सुटायला नको, मरायलाही नको."

अन्सेल्म किणी, राहणार कुळवेम.
आठवडाभर वेल्डिंग, रविवारी सायकल,
तिची फ्रेमही त्यानेच जोडलेली, सांधे अजून काळे.
माझी विकतची. ग्रॅच्युइटीतून घेतली तेव्हा
घरात चार दिवस कुणी बोललं नव्हतं.

कान्हेरीच्या वाटेवर नदी आधी डावीकडे होती,
मग पुलाखालून उजवीकडे आली.
जानेवारीतलं उघडं पात्र, गोट्यांवर एक बगळा
हिशेब लागत नसल्यासारखा उभा.
पाचोळा, मुरूम, पुन्हा पाचोळा.
मागचं चाक जरा घसरायचं आणि स्वतःच सावरायचं,
मला न विचारता.

उद्यानाचं फाटक ओलांडलं की तिला भिंती लागतात.
तबेल्यापाशी म्हैस घासणाऱ्या पोराला विचारलं,
"नदीकडेनं वाट जाते का रे पुढं?"
त्याने ब्रश थांबवला. खरंच विचार केला.
"नदी नाही हो इथं. नाला आहे."

ते अक्षर माझं.
अठ्ठ्याऐंशी साल, नकाशा विभाग, तिसरा मजला,
दोन निळ्या रेघांच्या मधे जागा अपुरी,
आणि साहेब म्हणाले, "धामणस्कर,
दहिसर नदी मावत नाही ना? मग नाला लिहा."
नदीही दोनच अक्षरांत मावली असती
हे मला डबा खाताना सुचलं.
तोवर शाई वाळली होती.

अन्सेल्मला यातलं काही सांगितलं नाही.
मंडपेश्वरला लेण्यात पाणी प्यायलो,
त्याने कपाळ-छाती-खांदे केले, मी हात जोडले,
दोघांनी एकाच दगडाकडे बघून.
दगडाने कुणाचंच मनावर घेतलं नाही.

मग गोराईची होडी. सायकली आडव्या,
मासळीच्या रिकाम्या टोपल्यांवर टेकलेल्या.
पलीकडे खाजणाचे बांध, शिंपल्यांचा चुरा,
ताडाच्या सावल्या वाटेवर आडव्या टाकलेल्या, जणू रूळ.
इथे कुठेतरी कळलं हवा कमी का केली ते.
मऊ चाकाला दगड लागत नाही,
दगड कळतो.

कुळवेमात पर्पेतुआ मावशी ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या.
"कुठून आलात रे?"
"पार्कातून. नदीच्या कडेनं," अन्सेल्म सहज बोलून गेला.
"मग तोंडाशी भरती होती का?"
त्यांनी सूप खाली ठेवलं.
"तिचं पाणी खाडीत उतरायचं ना, तेव्हा जवळा गोड लागायचा.
बाप सांगायचा. आता मेली लागते कशी, तर कशीच नाही.
घ्या, चिटाप घ्या, गार होतील."
मी म्हणालो, "मावशी, ती नदी..."
आणि पुढचं तोंडातल्या घासाबरोबर गिळलं.
त्यांना वाटलं तिखट लागलं. पाणी आणलं.

परतताना मागच्या टायरच्या खाचेत एक खडा रुतला.
टिक्. टिक्. प्रत्येक फेऱ्याला एकदा.
जेट्टीवर अन्सेल्मने स्क्रूड्रायव्हर काढला.
"राहू दे," म्हणालो.
"टायर खराब होईल."
"होऊ दे."

डांबर आलं, सिग्नल आले, हॉर्न आले,
खडा आपला वाजतच.
गुडघाही वाजत होता, पण त्याची सवय आहे.
सोसायटीच्या फाटकाशी वॉचमनने मान वर केली.
"काय वाजतंय, साहेब?"
"नदीतला खडा आहे."
"कुठली नदी?" त्याने विचारलं,
त्याच भिंतीला टेकून
जिच्यामागून ती जात होती.