पाटावर इंजिन

बॅटरीची काळी वायर आधी सोडली.
मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी.
खणभागातल्या आमच्या बोळात तीनपर्यंतच सावली,
तेवढ्यात एक तरी माउंट बदलून व्हायला हवा.

आई म्हणाली, विटा आहेत की, न्हाणीमागं.
वीट नको.
वीट सांगून फुटत नाही.
आयटीआयत पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगते,
फळ्यावर लिहीत नाही.
निवृत्त झालेल्या मगदूम सरांना वर्गात बोलावते.
सर डावा हात वर करून विचारतात, किती?
पोरं मोजतात.
साडेतीन.

गाडीचं अंग दोन लोखंडी घोड्यांवर.
जॅक उचलतो, धरत नाही.
आतलं सील झिजलं की बसत जातो,
केसभर, केसभर, कुणाला न कळवता.
इंजिनापुरता तो चालेल,
पण मग खाली हात नाही, डोकं नाही,
पडलेला नटसुद्धा काठीनं ओढायचा.

तेलाचं चेंबर पत्र्याचं.
उघडा जॅक लावला तर चेपतं.
मधे लाकूड पाहिजे, रुंद, कोरडं, बिनभेगेचं,
आणि घरात तसं लाकूड एकच.

पाट?
त्यावर शीतलदादा बसायचा, आई म्हणाली.
भाऊबीजेला.
चार दिवाळ्या तो भिंतीला टेकून उभा आहे.
तो बसत नाही ना, मग इंजिन बसू दे,
मी म्हणाले,
आणि पाना शोधायचं निमित्त करून वाकले.

तिनंच आणून दिला.
ओलं फडकं फिरवलेला, मग कोरडं.
मी कोरडं म्हणाले होते.

जॅक एवढाच चढवायचा
की इंजिन माउंटवर लटकणार नाही
आणि माउंट इंजिनावर रेलणार नाही.
ती जागा आकड्यात सांगता येत नाही.
बोल्ट हातानं फिरला की समजावं,
आता त्याच्यावर कुणाचंच ओझं नाही.

बॅटरी आईच्या हातात.
उजेड ती बघते तिथं पडतो,
मी बघते तिथं नाही.
इकडं, आई.
इकडंच धरलीय.
सतराचा पाना, पाइपचा जोर, एक शिवी,
ती तिनं ऐकली नाही असं ठरलं.
ब्रॅकेटमागं पुराचा गाळ निघाला,
वाळून खडा झालेला. नखानं खरवडला.
पाणी ओसरून किती वर्षं झाली,
हा इथं लपून बसला होता.

जुना माउंट हातात आला.
रबर आरपार फाटलेलं.
इतके महिने लोखंड लोखंडावर आपटत होतं
आणि आम्ही म्हणत होतो, रस्ता खराब आहे.

नवा बसवला तर भोक सुतभर वर.
आई, जॅकचा दांडा. अर्धा.
अर्धा म्हणजे केवढा?
मी झोपलेली असताना
दाराची कडी लावतेस ना, तेवढा.
तिनं दांडा दाबला.
एवढं धूड तिच्या मनगटानं वर आलं
आणि बोल्ट आवाज न करता आत गेला.
आई दांड्याकडं बघत राहिली.

आता आवळ की, म्हणाली.
नाही. आधी बोटांनी धरवायचा, तेवढंच.
मग जॅक सावकाश सोडायचा, भार येऊ द्यायचा.
भार आल्यावर आवळायचं.
आधीच आवळलं तर रबर
पीळ धरून बसतं, आयुष्यभर.
यावर ती काही बोलली नाही.
मीही वर्गात बोलते तसं बोलले होते.

चालू केली तेव्हा ऊन चाकांपर्यंत आलं होतं.
बाजूच्या आरशात आमचं दार
पहिल्यासारखं थरथरत नव्हतं. थोडं थरथरत होतं.
अजून दोन माउंट आहेत,
पुढच्या रविवारी.
एका वेळी एकच सोडायचा.

पाटाच्या खालच्या अंगाला जॅकचं गोल वळ,
वर तेलाचा डाग, बशीएवढा.
रॉकेल आणि काथ्या घेऊन मी घासायला बसले,
तर आईनं पाट ओढून घेतला,
भिंतीशी उभा केला, डाग बाहेरच्या बाजूला.
राहू दे.
आला तर विचारेल तरी.